आठ दिवस ठीक, नवव्या दिवशी परत फोन: आमच्या घरी नक्की काय बिघडत होतं

समस्या अशी आहे. मुलांच्या मोबाईलवर नियम लावला की आठ दिवस सगळं छान चालतं, नवव्या दिवसापासून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करत अर्धा तास वाढतो आणि महिन्याभरात आपण होतो तिथेच. मग आरडाओरडा, रडारड, परत नवीन नियम. आमच्याकडे हे दोन वर्षांत पाच वेळा तरी झालंय, आणि लोकलच्या लेडीज डब्यात ज्या ज्या आईशी बोलले तिच्याकडे थोड्याफार फरकाने हेच चालू असतं. म्हणून जे लागू पडलं ते सगळं एका जागी लिहितेय, आणि जे लागू पडलं नाही तेही, कारण त्यातच आमचं एक अख्खं वर्ष गेलं.

घरची परिस्थिती आधी सांगते म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो, वन रूम किचन, मुलगा सातवीत, मुलगी पाचवीत, शाळा सकाळची, साडेबारा-एकला दोघं घरी येतात. घरात सासूबाई असतात, त्या दुपारी दोन ते चार झोपतात. माझं ऑफिस फोर्टला, सव्वासातच्या आधी मी कधीच घरी पोचत नाही, आणि मिस्टरांची ड्युटी शिफ्टची, दर आठवड्याला बदलणारी. म्हणजे दुपारी एक ते संध्याकाळी सव्वासात असे सहा तास घरात दोन मुलं, आजी आणि आजीचा स्मार्टफोन. तुमच्याकडे आजी नसतील, पाळणाघर असेल, क्लासेस असतील, पण दिवसाचा असा एखादा लांबलचक तुकडा असणारच.

पहिल्यांदा आम्ही 'रोज एक तास' ठरवलं. पण तो तास मोजणार कोण, तर सासूबाई, आणि त्यांना नातवंडांशी रोज वाद घालायला लावणं हे मला आता चुकीचंच वाटतं. दुसऱ्यांदा फोनच बंद करून टाकला, तेव्हा टीव्ही वाढला. तिसऱ्यांदा टायमर लावला, मुलाने तो दोन दिवसांत काढला, त्याबद्दल पुढे लिहिते. चौथ्यांदा बक्षीस म्हणून द्यायला लागलो, अभ्यास झाला की एक तास गेम, आणि माझ्या मते हे सगळ्यात वाईट होतं, कारण अभ्यास म्हणजे गेमचं तिकीट झालं, गणितं कशीतरी उरकलेली, शुद्धलेखनाच्या ओळी वाकड्या, आणि दर दहा मिनिटांनी 'झाला, आता फोन देतेस का आजीकडून घेऊ?' मुलांना फोन जितका हवा होता त्यापेक्षा जास्त हवासा आम्हीच करून ठेवला.

मग गणपती आले. त्या दहा-बारा दिवसांत आम्ही फोनचा विषयसुद्धा काढला नव्हता, घरात पाहुणे, मोदक, कोणाला वेळ होता. विसर्जन झाल्यावर सहज सासूबाईंच्या फोनच्या सेटिंगमधलं डिजिटल वेलबीइंग, म्हणजे रोज किती वेळ फोन वापरला त्याचा आलेख, उघडून बघितलं तर आदल्या आठवड्यापर्यंत रोज तीन-साडेतीन तासांचे उंच खांब आणि गणपतीच्या दिवसांत चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं, एक दिवस तर फक्त अठरा. मला आधी वाटलं फोनच बिघडलाय. नंतर आठवत गेले की ही दोघं होती कुठे. मुलगा मंडळात पुठ्ठा कापायला आणि लेझीमच्या प्रॅक्टिसला, मुलगी खालच्या घरातल्या मुलींबरोबर कागदाची फुलं करायला आणि आरतीची ताटं लावायला. प्रॅक्टिस पाचला म्हणजे पाचला, उशीर झाला तर मंडळाचा दादा खालून हाक मारायचा, आणि मुलाच्या हातात कटर दिला होता, म्हणजे तो नाही गेला तर काम अडणार होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही दर वेळी फोन काढून घेत होतो आणि त्या वेळेत दुसरं काहीच ठेवत नव्हतो. रिकामी वेळ तशीच राहायची, आठ दिवस मूल आपल्या धाकाने ती कशीबशी काढायचं आणि मग परत फोनकडे वळायचं. गणपतीत ठरलेली वेळ होती, जायला जागा होती, वाट बघणारं माणूस होतं आणि स्वतःचं काम होतं. पुढचं सगळं मी ह्या चार गोष्टी धरूनच केलंय.

तर पहिलं काम, काहीही बंद करू नका, आठ दिवस फक्त नोंद ठेवा. फोनमध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला आणि दिवसात किती वेळा फोन उघडला ते दिसतं, आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये दिसतं, पण आपल्याला त्याहून महत्त्वाचं आहे ते म्हणजे फोन हातात कधी आणि का घेतला. आमच्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर सासूबाई तारखेच्या चौकोनात फुली मारायच्या, दुपारची फुली डावीकडे, संध्याकाळची उजवीकडे, आणि रात्रीची मी मारायचे. मुलांनाही सांगितलं होतं की ह्यावरून कोणी ओरडणार नाही, आणि खरंच ओरडलो नाही. ते आठ दिवस जड जातात, जीभ चावून बसावं लागतं.

नोंदीत काय निघालं बघा. मला वाटत होतं मुलं दिवसभर फोनवर असतात. तसं नव्हतं. दोन ते चार, म्हणजे आजी झोपलेली असताना, जवळजवळ सगळा वेळ. साडेपाच ते सात, म्हणजे खाली खेळायला कोणी नसतं तेव्हा. जेवताना. आणि चौथं मला माहीतच नव्हतं, 'गृहपाठ बघायचाय' म्हणून फोन घेतला जायचा आणि त्यानंतर चाळीस मिनिटं तो हातातच असायचा. प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा लागणार होता, आणि आम्ही इतके दिवस सगळ्यांवर एकच नियम लावत होतो.

गृहपाठाचं आधी सांगते कारण ते सगळ्यात लवकर सुटलं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठाचे फोटो येतात, लॉकडाऊनमध्ये सुरू झालेली सवय, ती तशीच राहिली. मूल खरोखरच गृहपाठ बघायला फोन घेतं, त्यात खोटं काही नसतं, पण वरून नोटिफिकेशन येतं, कोणीतरी व्हिडिओ पाठवलेला असतो आणि तिथून पुढे सरकत जातं. पालकसभेला आम्ही पाच-सहा आया मिळून वर्गशिक्षिकांशी बोललो की बाई, गृहपाठ फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्याल का, ग्रुपवर टाकलात तरी चालेल पण वहीतही असू दे. त्या लगेच हो म्हणाल्या, त्यांनाही रात्री दहा वाजता पालकांचे प्रश्न येत होते म्हणे. एखाद्या दिवशी वहीत राहिलंच तर मुलाने वर्गमित्राला फोन करून विचारायचं, आणि वर्कशीट असेल तर मी ऑफिसमधून येताना स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणते. एवढ्यानेच रोजची पाऊण तासाची गळती थांबली.

वर्गमित्राला फोन करायला फोनच लागणार, तर त्यासाठी बटणांचा साधा फोन घेतला, हजार-दीड हजारात मिळतो. हा खर्च मी सगळ्यांना करायला सांगेन. कारण 'आई-बाबांचा फोन आला तर?' ह्या एका कारणासाठी घरातला स्मार्टफोन दिवसभर मुलांच्या हाताशी ठेवावा लागतो. आता माझा फोन बटणांच्या फोनवर येतो, आणि सासूबाई झोपायला जाताना स्वतःचा फोन देवघराखालच्या खणात ठेवतात. खणाला कुलूप नाहीये, मुलांना माहितीये कुठे आहे. पण हातात असणं आणि उठून खण उघडून काढणं ह्यात मुलांच्या बाबतीत फार फरक पडतो, मोठ्यांच्याही पडतो.

आता दोन ते चार. हा सगळ्यात अवघड तुकडा, मला ह्याला तीन महिने लागले. ऊन असतं म्हणून खाली जाता येत नाही, आजी झोपलेली म्हणून आवाज करता येत नाही, सातवीतला मुलगा दुपारी झोपत नाही, आणि वन रूम किचनमध्ये दुसरी खोली नाही. 'पुस्तक वाच' म्हणून सांगितलं, त्याचा उपयोग शून्य. पुस्तकं आणून दिली, ती फळीवर राहिली. मग गणपतीचं आठवून आधी माणूस शोधलं. दुसऱ्या मजल्यावर मुलाच्याच वयाचा एक मुलगा आहे, त्याची आई घरीच असते, शिवणकाम करते. तिला विचारलं की सोमवार-बुधवार-शुक्रवार माझा तुमच्याकडे आणि मंगळवार-गुरुवार तुमचा आमच्याकडे, दोन ते चार, फोन कोणीच द्यायचा नाही, चालेल का. ती म्हणाली, मीच विचारणार होते पण बरं दिसेल का म्हणून थांबले. आपण मुंबईत एकेका मजल्यावर सहा-सहा दारं असून एकमेकांना विचारत नाही, हे मला तेव्हा फार लागलं.

दोन मुलं एकत्र आली की काय करायचं ते मला सांगावं लागलं नाही. पहिले चार दिवस 'कंटाळा आला, कंटाळा आला' चाललं होतं, आणि ते चार दिवस आपण घाबरायचं नाही, कंटाळा आला म्हणून लगेच काही हातात द्यायचं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी कॅरम काढला, मग जुन्या वर्तमानपत्रांतले क्रिकेटचे स्कोअरकार्ड कापून वही करायला घेतली, आता एक मोडकी सायकल चाललीये, तिची चेन गेले दोन आठवडे उतरवून ठेवलीये आणि माझ्या जिन्यात ग्रीसचे डाग आहेत. असू देत.

मुलीचं वेगळं होतं, तिला काम हवं असतं. सासूबाई म्हणाल्या माझी सगळी निवडायची भाजी मी चारला ठेवत जाईन, हिला घेऊन बसते. मेथी, शेपू, गवार, नारळ खोवणं, आणि त्या बसल्या बसल्या त्यांच्या लहानपणच्या गावच्या गोष्टी सांगतात, त्या ऐकायला मुलगी स्वतःहून बसते. मुलाकडे दळण आलं. दर गुरुवारी गहू घेऊन गिरणीत जायचं, जाडं-बारीक नीट सांगायचं, थांबून दळून आणायचं आणि हिशोब द्यायचा. पहिल्यांदा पीठ जाडं आलं, आठवडाभर पोळ्या तशाच खाल्ल्या सगळ्यांनी, पुढच्या वेळी तो गिरणीवाल्यासमोर उभा राहिला. मुलांना 'छंद जोपास' म्हणून सांगण्यापेक्षा घरातलं खरं काम दिलेलं जास्त टिकतं, कारण ते झालं नाही तर अडतं.

साडेपाच ते सात हा खेळायचा वेळ, पण खाली खेळायचं कुठे. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये खेळायला मनाई असा बोर्डच होता, गाड्यांना बॉल लागतो म्हणून, आणि जवळच्या मैदानात मोठी मुलं सीझन बॉलने खेळतात तिथे छोट्यांना जागा नाही. शिवाय एकटं मूल खाली गेलं, कोणी दिसलं नाही की पाच मिनिटांत परत वर येतं आणि फोन घेतं. म्हणजे प्रत्येकाचं मूल घरी बसलेलं, कारण दुसऱ्याचं मूल घरी बसलेलं. ह्यावर एकट्या घराने काही होत नाही. मी सहा आयांशी बोलले, सगळ्यांनी आपापल्या मुलाला साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच खाली पाठवायचं ठरवलं, आणि मग सेक्रेटरींकडे गेलो. भांडायला नाही, मागणी घेऊन. साडेपाच ते पावणेसात, मागच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात, फक्त रबरी बॉल, आणि काच फुटली तर सगळ्या घरांनी मिळून भरपाई द्यायची. त्यांनी एक महिना बघू म्हणून परवानगी दिली. पहिल्या मजल्यावरचे रिटायर्ड काका रोज खुर्ची टाकून बसतात, तेच अंपायर आणि तेच सुरक्षा. तो महिना संपून आता सात महिने झाले, काच एक फुटली, पैसे भरले.

जिथे सोसायटीत जागा अजिबातच नाही तिथे आठवड्यातून दोन-तीन दिवस का होईना पण ठरलेल्या वेळेचा मैदानी क्लास बघा, कबड्डी, खो-खो, मल्लखांब, जे जवळ असेल ते. दादरकडे राहत असाल तर शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथे मुलांना मल्लखांब करताना एकदा नुसतं दाखवायला न्या, पुढचं मूलच ठरवेल. फक्त सुरुवातीलाच तीन-चार क्लास लावू नका. आमच्या ओळखीत एका मुलीला फोन सुटावा म्हणून स्विमिंग, अबॅकस, ड्रॉइंग, डान्स सगळं लावलं, ती घरी आली की इतकी दमलेली असायची की सोफ्यावर पडून फोनच बघायची.

बाहेर पाठवायचा माझा हट्ट एका दुसऱ्याच कारणाने वाढला. मुलीला फळ्यावरचं दिसेना म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, नंबर निघाला. मला वाटलं आता मोबाईलवरून ऐकावं लागणार. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ही दिवसा बाहेर उजेडात किती वेळ असते? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर ह्याबद्दल बरंच वाचलं. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये बारा प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं अभ्यास केला होता, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला, अर्ध्या शाळांनी मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर नेलं, आणि सुट्टीच्या दिवशीही बाहेर न्या म्हणून पालकांना सांगितलं. तीन वर्षांनी बाहेर न नेलेल्या मुलांत ३९.५ टक्क्यांना लांबचं न दिसण्याचा, म्हणजे मायनस नंबर लागला होता, बाहेर नेलेल्यांत ३०.४ टक्क्यांना. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर असावं म्हणून सरकारी मोहीमच आहे. घरात ट्यूबलाइटखाली प्रकाश काहीशे लक्स असतो, बाहेर सावलीतसुद्धा त्याच्या कितीतरी पट, आणि तो उजेड डोळ्याची वाढ ताब्यात ठेवायला मदत करतो असं डॉक्टरांनी समजावलं. लागलेला नंबर ह्याने जात नाही, तो न लागण्यासाठी किंवा उशिरा लागण्यासाठी हे आहे. आणि हे उजेड असतानाच झालं पाहिजे, रात्री आठला खाली पाठवून उपयोग नाही. त्यामुळे 'फोन ठेव' म्हणायचं सोडून मी आता 'उजेडात एक तास झाला का' विचारते, आणि गंमत म्हणजे तो तास झाला की फोनचा तास आपोआप कमी झालेला असतो.

रात्रीचा भाग आमचा, मोठ्यांचा होता. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही आणि मोबाईल बंद. बातमी वाचली तेव्हा मला वाटलं मुंबईत कसं जमणार. पण त्यातला मुद्दा असा आहे की भोंगा वाजल्यावर मोठ्यांचाही फोन बंद होतो. आमच्याकडे मुलांना ठेवायला सांगून मी स्वतः ऑफिसच्या ग्रुपवर उत्तरं देत बसायचे, मिस्टर रील्स बघायचे, सासूबाईंची मालिका चालू. मुलाने एकदा शांतपणे विचारलं, आई, तुझं स्क्रीन टाइम कोण मोजतं? त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता साडेआठला जेवण, तेव्हापासून सकाळपर्यंत सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर चार्जिंगला. गादीजवळ चार्जर नाही. ऑफिसमध्ये सांगून टाकलंय की अर्जंट असेल तर मेसेज नको, फोन करा, रिंग ऐकू येते. सासूबाईंची मालिका साडेसात ते आठ एवढीच ठेवली, दुसरी त्या दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीट बघतात, हे त्यांनीच सुचवलं आणि त्यासाठी मी त्यांचे पाय धरायला हवेत. झोपेचा हिशोबही तेव्हाच केला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. आमची मुलं पावणेसहाला उठतात, म्हणजे नऊ तास धरले तरी पावणेनऊला झोपलेली हवीत, आणि आमच्याकडे साडेदहा वाजत होते. पावणेनऊ अजून जमत नाही, सव्वानऊ जमतं.

सेटिंगबद्दल थोडक्यात, कारण सगळे आधी तिथेच जातात आणि मीही गेले होते. डिजिटल वेलबीइंगमधला ॲप टायमर मूल दोन मिनिटांत काढू शकतं, त्याला वेगळा पासवर्ड नसतो, तो मोठ्यांनी स्वतःसाठी लावायचा. मुलाचा स्वतःचा फोन आणि स्वतःचं गुगल अकाउंट असेल तर गुगलचं फॅमिली लिंक ॲप वापरा, त्यात ॲपची मर्यादा, रात्रीची बंद वेळ सगळं तुमच्या फोनवरून ठरतं. पण आजीचा किंवा आईचा फोन मुलं वापरत असतील, जे आपल्याकडे बहुतेक घरांत असतं, तर फॅमिली लिंकचा फायदा नाही, कारण अकाउंट मोठ्या माणसाचं आहे. तिथे आम्ही दोन गोष्टी केल्या. यूट्यूबमधला ऑटोप्ले बंद केला, म्हणजे एक व्हिडिओ संपला की तो खरंच संपतो. आणि यूट्यूबची वॉच हिस्ट्री पुसून बंद करून टाकली, त्यामुळे उघडल्यावर पहिल्या पानावर काही सुचवलेलं येत नाही, जे हवं ते शोधूनच बघावं लागतं. मुलीला क्राफ्टचा व्हिडिओ हवा असेल तर ती तो शोधते, बघते आणि कागद कापायला बसते. ॲप काढून टाकलं आणि ब्राउझर तसाच ठेवला तर मात्र काही उपयोग नाही, आमचं तसंही झालं होतं.

किती तास चालतील हा प्रश्न सगळ्या आया विचारतात. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने सांगितलेलं असं आहे, दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास आणि तोही कोणी मोठं सोबत असताना, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. त्याहून मोठ्यांसाठी आम्ही असं बघतो की झोप, बाहेरचा खेळ, अभ्यास, घरातलं काम आणि माणसांशी बोलणं हे सगळं झालं का. ते झालं असेल आणि रविवारी बाबांबरोबर अख्खी क्रिकेट मॅच बघितली तर मी मोजत नाही. मामाशी व्हिडिओ कॉल मोजत नाही. एकट्याने कोपऱ्यात बसून वर सरकवत राहणं मोजते.

आता परत परत का होतं त्याबद्दल, कारण मूळ तक्रार तीच होती. कालनिर्णयची मागची पानं काढून बघितली तर फुल्या ठरलेल्या वेळीच वाढलेल्या दिसतात. मे महिन्यात गावाहून आल्यावर. जून-जुलैचा मोठा पाऊस लागला की, कारण खालचा खेळ बंद. सहामाही संपली त्या दिवशी. कोणी आजारी पडलं की. घरी पाहुणे आले की, त्यांची मुलं फोन घेऊन आलेली असतात. ह्यात कोणाचा गुन्हा नाही, भरलेली वेळ परत रिकामी झालेली असते एवढंच. म्हणून अशा वेळी आम्ही आता नवीन नियम काढत नाही, कोणती वेळ रिकामी झाली ते शोधतो. पावसासाठी मंडळाच्या ऑफिसात कॅरम आणि बुद्धिबळ ठेवायची परवानगी घेतली, पाऊस असला की साडेपाचची टोळी तिथे जाते. आजारपणात मात्र मी सूट देते, तापात पडलेल्या मुलाशी वाद घालू नये, पण बरं झाल्याच्या पहिल्या दिवशी दोन ते चारची जोडी परत सुरू करायची, सोमवारची वाट बघायची नाही.

रविवारी महिन्यातून एकदा बाहेर पडतो, खर्च फारसा नाही. हिवाळ्यात भांडुप पंपिंग स्टेशनच्या खाडीकडे पहाटे फ्लेमिंगो आणि बाकी पक्षी बघायला, वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, राणीची बाग आणि तिला लागूनच भाऊ दाजी लाड म्युझियम, धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मुलगा आता पक्ष्यांची यादी ठेवतो, ४१ झालेत. फोटो काढायला फोन मागतो, तो देते.

एक गोष्ट मात्र घरच्या उपायांवर सोडू नका. मूल मोबाईलवरच्या गेमसाठी जेवण, झोप, शाळा, मित्र सगळं सोडत असेल, नुकसान दिसूनही थांबता येत नसेल, फोन काढून घेतल्यावर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर ती सवय किंवा हट्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर हा रीतसर आजार आहे, ती यादी २०२२ पासून लागू आहे. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारच्या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. तोवर मुलाशी मारामारी करून फोन हिसकावू नका.

आमच्याकडे ह्या महिन्याच्या पानावर आत्तापर्यंत नऊ फुल्या आहेत, त्यातल्या सात शनिवारच्या आणि रविवारच्या. शनिवारी शाळा लवकर सुटते, दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा आजोळी जातो आणि दुपार मोकळी पडते. चौथ्या मजल्यावरचे काका हार्मोनियम शिकवायला तयार झालेत, शनिवारी साडेतीनला. मुलगी जाते म्हणाली. मुलगा म्हणतो आधी एकदा बसून बघतो.